आपा निवृत्त झाल्या, आता जबाबदारी आपली

महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये ३१ मे हा निरोपाचा दिवस असतो, आणि त्यामागचे कारण मोठे गमतीचे आहे. पूर्वी पुष्कळ आईबापांना मुलाची जन्मतारीख सांगता येत नसे. "दुष्काळाच्या साली झाला", "रमजानच्या आधी झाली" एवढेच ठाऊक. मग गुरुजी मुलाकडे बघून अंदाजाने साल धरायचे आणि तारीख १ जून लिहून टाकायचे. शाळा जूनमध्ये उघडते, वय मोजायला सोपे. त्या १ जूनवाल्यांपैकी कितीतरी जण पुढे स्वतःच शिक्षक झाले. खासगी शाळांमधल्या शिक्षकांचे निवृत्तीचे वय ५८. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेल्याची नोकरी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी संपते. त्यामुळे दरवर्षी ऐन सुट्टीत, वर्गांना कुलपे असताना, अनेक शिक्षक हजेरीपत्रकावर शेवटची सही करून घरी जातात.

यंदा, २०२५ च्या ३१ मे रोजी, आमच्या मुख्याध्यापिका अशाच निवृत्त झाल्या. दाखल्यावर त्यांचीही जन्मतारीख १ जून. "खरी तारीख अम्मीलाही आठवत नव्हती, त्यामुळे सरकारने दिलेली तीच आपली," असे त्या हसत सांगतात. लेखात नाव छापू नका, अशी त्यांनी तंबी दिली आहे. म्हणून सगळे गाव त्यांना जे म्हणते तेच मीही इथे म्हणते: आपा.

त्यांच्या हाताखाली मी सतरा वर्षे काम केले. निवृत्तीचे लेख बहुतेक स्तुतीने भरलेले असतात आणि वाचून झाले की विसरले जातात. आपांची स्तुती करावी असे पुष्कळ आहे, पण मला वाचकांपुढे वेगळा प्रश्न ठेवायचा आहे. एवढी वर्षे एका जागी राहिलेले माणूस शाळेतून उठते तेव्हा त्याच्याबरोबर काय काय निघून जाते, आणि ते आपण राखून ठेवू शकतो का?

घरात दख्खनी, शाळेत उर्दू, कचेरीत मराठी

आमची शाळा सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. उर्दू माध्यमाची, अनुदानित, पाचवी ते दहावी. मुले बागवान, तांबोळी, अत्तार, मणेर, शिकलगार, मुलाणी, मोमीन अशा घरांतली. कुणाचे वडील बाजारात केळीची गाडी लावतात, कुणाचे रिक्षा चालवतात, कुणाची आई विड्या वळते. ही मुले घरात दख्खनी बोलतात, शाळेत उर्दू शिकतात आणि उंबरठ्याबाहेर पाऊल टाकले की त्यांची गाठ मराठीशी पडते.

आपा १९९१ च्या जूनमध्ये सहशिक्षिका म्हणून आल्या. त्यांचे स्वतःचे शिक्षण सातवीपर्यंत उर्दूत आणि पुढे मराठीत झालेले. आठवीच्या मराठी वर्गात पहिले सहा महिने आपण तोंड उघडले नव्हते, ही गोष्ट त्या प्रत्येक नव्या तुकडीला सांगत. म्हणून मुख्याध्यापिका झाल्यावरही मराठीचा तास त्यांनी सोडला नाही.

उर्दू शाळेत मराठी शिकवणे म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सहसा कळत नाही. मुलाची उर्दूची वही उजवीकडून उघडते आणि मराठीची डावीकडून. उर्दूत 'ळ' नाही, त्यामुळे 'शाळा'ची 'शाला' होते आणि 'बाळ'चे 'बाल'. दख्खनीत नाम पुल्लिंगी की स्त्रीलिंगी एवढाच प्रश्न, मराठीत तिसरे नपुंसकलिंगही आले. मग 'तो पुस्तक' आणि 'ती पाणी' ऐकत वर्ष जाते. आपांचा उपाय साधा होता. दर शनिवारी प्रत्येक मुलाने घरी आलेला एखादा मराठी कागद आणायचा आणि वर्गात मोठ्याने वाचायचा. विजेचे बिल, नगरपालिकेची नोटीस, बँकेचे पत्र, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, काहीही. सहा महिन्यांत त्या मुलाला घरात मान मिळू लागे. आजोबा चष्मा पुसत म्हणत, "देख रे बेटा, इसमें क्या लिखा है." पाणीपट्टी दोनदा आकारली गेल्याचे सातवीतल्या मुलीने पकडून दिले, तेव्हा तिचे वडील मिठाईचा पुडा घेऊन शाळेत आले होते.

राज्यात सर्व शाळांना मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० साली झाला. आमच्या मुलांना त्या सक्तीचे ओझे वाटले नाही, कारण मराठी ही परीक्षेपेक्षा पोटापाण्याची गोष्ट आहे हे त्यांना शनिवारच्या तासाला आधीच कळलेले होते.

लोखंडी कपाटातले रजिस्टर

मुख्याध्यापकांच्या खोलीत एक हिरवे लोखंडी कपाट आहे. त्यात शाळेचे जनरल रजिस्टर असते. कोणत्या मुलाने कधी प्रवेश घेतला, नाव, वडिलांचे नाव, जात, जन्मतारीख, शाळा कधी सोडली, ही सारी नोंद त्यात. शाळा सोडल्याचा दाखला यातूनच निघतो. बहुतेक पालकांना या रजिस्टरची आठवण दाखला हवा असतो त्याच दिवशी होते. आपांच्या मते मात्र शाळेतली सर्वांत मौल्यवान वस्तू हीच होती.

असे का, ते एका उदाहरणाने सांगते. आपल्या समाजातल्या अनेक बिरादऱ्या महाराष्ट्रात इतर मागासवर्गात मोडतात. शब्बीर अन्सारी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी मुस्लिम ओबीसींचा प्रश्न गावोगाव नेला आणि दिलीपकुमार त्यांच्या व्यासपीठावर उभे राहिले, हा इतिहास ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल. सवलत कागदावर मिळाली, पण ती घ्यायची तर जातीचा दाखला लागतो, आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. म्हणजे आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेतला उतारा. तो काढायला माणूस मोठ्या आशेने जातो आणि बघतो तर जातीच्या रकान्यात नुसते 'मुसलमान' लिहिलेले! बागवान नाही, तांबोळी नाही. त्या काळी कुणी विचारले नाही आणि कुणी सांगितले नाही.

आपांनी हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्या साध्या शिक्षिका होत्या. पुढे मुख्याध्यापिका झाल्यावर त्यांनी प्रवेशाच्या दिवशी स्वतः पालकांसमोर बसायचा नियम केला. अर्ज कारकून लिहून घेत, पण रजिस्टरमधली ओळ आपा मोठ्याने वाचून दाखवत. "नाव बरोबर? वडिलांचे नाव? आडनाव आधारवर असेच आहे? बिरादरी कोणती, ते लिहायचे?" फातिमा, फातेमा, फातमा, महंमद, मोहम्मद, मुहम्मद, शेख आडनाव म्हणून की नावाआधी. एका घरातल्या चार भावांची चार तऱ्हेची नावे आमच्याच जुन्या रजिस्टरांत सापडतात. मूल शाळेत असेपर्यंत शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीने दुरुस्ती करून घेता येते. शाळा सोडली की तीच दुरुस्ती डोंगराएवढी होते.

२०१९-२० च्या त्या हिवाळ्यात नागरिकत्वाच्या कागदांची चर्चा सुरू झाली, तेव्हा शाळेच्या फाटकाशी रांग लागली होती. साठी-सत्तरीची माणसे उतारा मागायला आलेली. कुणाला शाळा सोडल्याचे सालसुद्धा आठवत नव्हते. आपा शाळा सुटल्यावर मगरिबपर्यंत बसून जीर्ण पाने उलटत. एक म्हातारे बाबा आपले नाव सापडल्यावर त्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ उभे राहिले. त्यांना वाचता येत नव्हते. दुसरीतूनच शाळा सुटलेली. पुढच्या उन्हाळ्यात आपांनी त्या रजिस्टरांना नवी बांधणी करून घेतली आणि प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवला. पैसे स्वतःचे घातले की संस्थेकडून मिळवले, हे त्यांनी आजवर सांगितलेले नाही.

पटाचे गणित

मुख्याध्यापक म्हणजे खुर्चीत बसून घंटा वाजवायला सांगणारे माणूस, असा अजून पुष्कळांचा समज आहे. प्रत्यक्षात त्यांचा निम्मा दिवस संगणकापुढे जातो. यू-डायस, सरल, शालार्थ, पोषण आहाराची रोजची नोंद, शिष्यवृत्तीचे अर्ज. आणि या सगळ्यावर टांगती तलवार संचमान्यतेची.

संचमान्यता म्हणजे शाळेला किती शिक्षकांची पदे मंजूर, याचा वार्षिक निवाडा. तो पटावर होतो. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक, आणि या वर्गांत शंभराच्या वर मुले असतील तर पूर्णवेळ मुख्याध्यापक, असे प्रमाण दिले आहे. अलीकडे आधार जुळलेली मुलेच हिशेबात धरली जातात. मूल रोज वर्गात बसलेले असते, पण आधारवर 'शेख मुस्कान' आणि शाळेत 'मुस्कान शेख' असेल तर ते मोजणीतून निसटते. अशी दहा-बारा मुले निसटली की एका शिक्षकाचे पद डळमळीत होते. आपा दर ऑगस्टमध्ये न जुळलेल्या नावांची यादी घेऊन मोहल्ल्यात फिरत. जुम्म्याच्या नमाजनंतर इमाम साहेबांकडून घोषणा करवून घेत, की अमुक मुलांच्या वडिलांनी आधार केंद्रावर जावे.

अल्पसंख्याक शिष्यवृत्तीचेही तसेच. पहिली ते दहावीच्या मुलांसाठी केंद्राची ही योजना २००८ मध्ये आली. लहान वर्गांना वर्षाला १,००० रुपये मिळत. रक्कम छोटी, पण त्यात दप्तर आणि चपला येत. २०२२ मध्ये ती नववी-दहावीपुरती राहिली. त्या वर्षी खालच्या वर्गांतल्या मुलांच्या आया शाळेत येऊन विचारत होत्या, "आपा, हमारा फारम क्यों नै भरे?" धोरण दिल्लीत बदलते आणि त्याचे उत्तर मुख्याध्यापकांना दारात उभे राहून द्यावे लागते.

शिक्षकांच्या खोलीतही एक रेषा आहे, तिचा उल्लेख केला पाहिजे. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेल्यांना जुनी पेन्शन, नंतर लागलेल्यांना नाही. आपा रेषेच्या अलीकडच्या, मी पलीकडची. निवृत्तीच्या वर्षी जुने लोक पेन्शनची फाइल घेऊन धावत असतात. आपांनी फाइल पाठवली, आणि मग आम्हा सर्वांची सेवापुस्तिके काढून तपासली. कुणाची रजेची नोंद राहिली होती, कुणाच्या पानावर सही नव्हती. "माझ्या काळातले अर्धवट काम नव्या माणसाच्या डोक्यावर नको," एवढेच म्हणाल्या.

"कोणत्या शाळेत घालणार, ते लिहून द्या"

आपांवर सगळेच खूश होते असे नाही. फाटक पावणेअकराला बंद म्हणजे बंद. मुलाने गुटखा खाल्ला तर वडिलांना दुकान सोडून यावे लागे. काही पालकांनी त्यांच्याविरुद्ध संस्थेकडे अर्ज केले होते. सर्वांत जास्त राग होता तो मुलींच्या दाखल्यांवरून.

आठवी-नववीत मुलगी आली की काही बाप दाखला मागायला येतात. कारण विचारले तर "गाव बदलतोय". आपा दाखला अडवत नसत, तो अधिकार मुख्याध्यापकांना नाही. त्या कागद पुढे करत: "कोणत्या गावी, कोणत्या शाळेत घालणार, ते लिहून द्या. मी तिथल्या मुख्याध्यापकांशी फोनवर बोलते." शाळेचे नाव सांगता आले नाही की बाप गप्प बसे. मग आपा चहा मागवत. चहा होईतो खरे कारण बाहेर येई. शाळा लांब आहे, रस्त्यावर पोरे उभी राहतात, स्थळ आले आहे, बाईला काम झेपत नाही. रस्त्याचे कारण असेल तर चार मुलींचा गट करून देणे, पैशाचे असेल तर एसटीचा मोफत पास. बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत तो मिळतो, हे आजही अनेक घरांत ठाऊक नाही. स्थळाचे असेल तर स्पष्ट शब्द: मुलीचे वय अठरा पूर्ण झाल्याशिवाय लग्न हा गुन्हा आहे, आणि काजी साहेबही निकाह पढवणार नाहीत, मी त्यांना सांगून ठेवले आहे.

प्रत्येक वेळी यश आले असे मुळीच नाही. एका हुशार मुलीला सुट्टीत मामाच्या गावी नेऊन तिचे लग्न उरकले गेले. आपांना कळले तेव्हा उशीर झाला होता. पंधरा वर्षांनी तीच मुलगी आपल्या लेकीचा हात धरून पाचवीच्या प्रवेशाला आली. आपांनी रजिस्टरमधली ओळ नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवली. आई म्हणाली, "आपा, इसका दाखला मांगने मेरा आदमी आया तो मेरेकू बुलाव." ती लेक यंदा दहावी पास झाली.

निरोपाचा जलसा

मेच्या शेवटच्या आठवड्यात, असरनंतर, शाळेच्या पटांगणात जलसा झाला. बकरी ईद जवळ आलेली, उकाडा भयंकर, तरी खुर्च्या कमी पडल्या. आठवीच्या मुलाने तिलावत केली, मुलींनी हम्द आणि नात म्हटली. गुलपोशी झाली. उर्दूत लिहिलेला सिपासनामा चौकटीत घालून दिला गेला. शेजारच्या मराठी शाळेच्या मुख्याध्यापकांनी मराठीत मानपत्र वाचले. दोन्ही शाळांची मुले अनेक वर्षे एकाच मैदानावर खेळत आली आहेत, आणि तिथले भांडण आपा आणि ते सर मिळून सोडवत. सावित्रीबाईंनी १८५६ साली जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे, याची त्यांनी आठवण काढली. "त्या जोडीचे नाव आपण भाषणात घेतो. मी ती जोडी बांधावरून रोज बघत आलो," असे ते म्हणाले तेव्हा बराच वेळ टाळ्या वाजत होत्या.

माजी विद्यार्थी बोलले. पुण्याच्या एका रुग्णालयातली परिचारिका, एक तलाठी, एसटीची वाहक झालेली मुलगी, गॅरेजवाला. स्टँडसमोर आम्लेटची गाडी लावणारा एक जण माइकवर आला आणि म्हणाला, "आपांनी मला तीन वेळा घरून पकडून आणले. चौथ्या वेळी मी सापडलो नाही, म्हणून मी गाडीवर आहे. माझी पोरगी मात्र सातवीत पहिली आहे." सगळे हसले. आपांनी पदर डोळ्याला लावला.

मग भेट जाहीर झाली. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून आपांच्या उमऱ्याचा खर्च करायचे ठरवले होते. आपा उठल्या. त्यांचे भाषण जेमतेम दहा मिनिटांचे झाले.

"उमरा मी माझ्या कमाईने करीन, इन्शाअल्लाह. तुमची मोहब्बत डोक्यावर घेते, पैसे घेत नाही. आज चार जणांनी भाषणात विचारले, आपा गेल्यावर शाळेचे काय होणार. ऐकून मला बरे वाटले नाही. चौतीस वर्षांनंतरही शाळा एका बाईवर उभी असेल, तर त्या बाईचे काम कच्चे राहिले म्हणायचे. मला भेट द्यायचीच असेल तर ही घ्या." आणि त्यांनी पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला.

तो दहावी पास झालेल्या नऊ मुलींचा कागद होता. यंदा परीक्षेचे शेवटचे पेपर रमजानमध्ये आले. मुलींनी रोजे ठेवून पेपर लिहिले. निकाल १३ मे रोजी लागला. अकरावीचे प्रवेश या वर्षापासून सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले आहेत. आमच्यासारख्या गावात आजवर कॉलेजात जाऊन अर्ज दिला की काम होई. आता नोंदणी, पसंतीक्रम, कागदपत्रे, सारे मोबाइलवर. ज्या घरात एकच स्मार्टफोन आहे आणि तो वडिलांबरोबर रिक्षात फिरतो, त्या घरातल्या मुलीचे शिक्षण अर्ज भरला नाही एवढ्यावरूनच थांबू शकते. नावे मोठ्याने न वाचता आपांनी एवढेच सांगितले, की नऊ घरांपैकी कुठे अर्जाची अडचण आहे, कुठे जाण्यायेण्याची, कुठे मनाची. "एकेका मुलीची जबाबदारी एकेकाने घ्या. पैसे नकोत. पहिल्या दिवशी तिला कॉलेजच्या फाटकापर्यंत पोचवा आणि दिवाळीला विचारा, जाते का अजून?"

आधी कुणी उठेना. मग एसटीची वाहक मुलगी उठली. मग तलाठी, मग परिचारिका. आम्लेटवाला उठला तेव्हा कुणी तरी हसले. तो म्हणाला, "हसू नका. स्टँडवर माझ्याइतका वेळ कोण असतो? कोणती पोरगी बसमध्ये बसली नाही ते मला पहिले कळेल."

मगरिबच्या अजानला जलसा संपला.

चार्ज म्हणजे काय

३१ मे रोजी शनिवार होता. आपांनी त्या दिवशी पदभार दिला. कागदावर त्याची यादी असते: जनरल रजिस्टर, कॅशबुक, डेडस्टॉक रजिस्टर, सेवापुस्तिका, शिक्के, किल्ल्या. एकेक वस्तू दाखवून सही घेतली जाते.

नवे मुख्याध्यापक सेवाज्येष्ठतेने आलेले आमचेच सर आहेत. ही गोष्ट सहज घडली नाही. अल्पसंख्याक संस्थेला आपला मुख्याध्यापक स्वतः निवडण्याची कायद्याने मुभा आहे. ही मुभा समाजाच्या शाळा समाजाच्या पद्धतीने चालाव्यात म्हणून दिलेली आहे. ती कधीकधी नात्यागोत्यासाठी वापरली जाते, हे आपण सारे जाणतो. आमच्याकडेही बाहेरच्या नावाची कुजबुज सुरू झाली होती. आपांनी संस्थेच्या बैठकीत एकच मागणी केली: दोन्ही उमेदवारांनी शाळेतल्या मुलांपैकी वीस जणांची घरे कुठे आहेत, ते सांगावे. बाहेरचे नाव दुसऱ्या दिवशी मागे पडले.

सह्या झाल्यावर आपांनी पर्समधून एक जुनी डायरी काढली. ती यादीत नव्हती. त्यात कुणाचे वडील आखातात आहेत, कुणाची आई एकटी आहे, कोणत्या मुलाला कमी ऐकू येते म्हणून पुढे बसवायचे, कोणत्या घरी फी मागायला माणूस पाठवायचा नाही, असे सगळे लिहिलेले होते. "हे सरकारी नाही, अमानत आहे," म्हणत त्यांनी ती सरांच्या हाती दिली. सरांनी ती कपाटात रजिस्टरांच्या शेजारी ठेवली.

आपल्या गावच्या शाळेसाठी

वाचकांपैकी अनेकांच्या गावी अशी एखादी आपा किंवा सर असतील. काही यंदा निवृत्त झाले असतील, काही पुढच्या ३१ मे रोजी होतील. शाल आणि हार जरूर द्यावेत, त्यांचा तो हक्कच आहे. त्याबरोबर ही कामेही करावीत, अशी माझी विनंती आहे.

पहिले, आपल्या मुलाची जनरल रजिस्टरमधली ओळ शाळेत जाऊन एकदा डोळ्याने पाहा. नाव, जन्मतारीख आणि जात आधारशी, आणि आपल्या जुन्या कागदांशी ताडून बघा. नववी संपण्याआधी हे झालेच पाहिजे, कारण दहावीच्या अर्जात गेलेली चूक आयुष्यभर मागे लागते.

दुसरे, घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला ते कोणत्या शाळेत गेले होते ते विचारा, आणि तो उतारा आजच काढून ठेवा. जातीच्या दाखल्याचा मार्ग तिथून जातो. ज्यांना जातीचा दाखला लागू नाही, त्यांनी उत्पन्नाच्या अटीत बसत असल्यास ईडब्ल्यूएस प्रमाणपत्राची चौकशी करावी. २०२४-२५ पासून राज्यात ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. कागद नसेल तर ही माफी आपल्या मुलीपर्यंत पोचणार नाही.

तिसरे, मोहल्ल्यातल्या दहावी पास मुलींची एक यादी करा. ती भली मोठी नसते. प्रत्येक नावापुढे एका जबाबदार माणसाचे नाव लिहा.

आमच्या यादीचे काय झाले, तेही सांगते. हा लेख लिहीपर्यंत नऊपैकी सहा मुलींचे अर्ज भरून झाले आहेत. दोन घरे अजून "बघू" म्हणत आहेत. एका घरी साखरपुड्याची बोलणी चालू होती. नवे मुख्याध्यापक आणि इमाम साहेब दोघे मिळून तिथे जाऊन आले. बोलणी थांबली आहेत, अर्ज अजून भरलेला नाही. आपा रोज संध्याकाळी मला फोन करतात. पेन्शनचे काय झाले, असे मी विचारले की म्हणतात, "ते होईल. त्या तिघींचे सांग."

अल्लाह आपांना सेहत आणि लांब उम्र देवो. आणि त्या तिघींच्या घरी जायची पाळी ज्याची असेल, त्याला लवकर उठायची तौफिक देवो.